मधला काठ

बेंगळुरू,
१२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नववर्षाचं कार्ड पोचलं. सम्यकनेच छापलेलं दिसतंय, कारण पाकिटावर माझ्या नावाआधी ‘शास्त्रज्ञ’ आहे आणि पिनकोड चुकलाय. तुमच्या चिरंजीवांना सांगा की ताई अजून विद्यार्थिनीच आहे, सातव्या वर्षाची, आणि इथल्या मेसचा आचारीसुद्धा तिला बघून आता सुस्कारा टाकतो.

तुम्ही विचारलंत, नेमकं काय सापडलंय ते काकूलाही कळेल असं लिही. तर काकूला सांगा, फ्लॉवरची भाजी करशील तेव्हा एक तुरा मोडून बघ. तो लहानसा फ्लॉवरच दिसतो. त्याचा तुरा मोडला तर आणखी लहान फ्लॉवर. झाडाच्या फांद्या, नेच्याचं पान, काकांच्या छातीच्या फोटोतल्या श्वासनळ्या, सगळ्यांची हीच तऱ्हा. लहान तुकडा मोठ्यासारखा, मोठा आणखी मोठ्यासारखा. याला फ्रॅक्टल म्हणतात.

आकाशातही असंच आहे. अब्जावधी तारे जमून एक दीर्घिका होते, दीर्घिका जमून पुंजका, पुंजके जमून महापुंजका, आणि मधे प्रचंड मोकळ्या जागा. ढीग आणि खड्डे. प्रश्न एवढाच की हे कुठवर चालतं. बहुतेकांचं म्हणणं, साधारण तीस कोटी प्रकाशवर्षांएवढ्या अंतराच्या पुढे हे थांबतं आणि मग सगळं सारखं दिसतं, लांबून बघितलेल्या कापडासारखं. माझ्या मोजणीत ते थांबत नाही. मी त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत गेले, तरी ढीग आणि खड्डे चालूच आहेत.

फेब्रुवारीअखेर आमचा पेपर जाईल. त्याच्या जोरावर इथेच दोन वर्षांची जागा मिळेल असं सरांनी सांगितलंय. नाहीतर ३१ मार्चला माझी फेलोशिप संपते आणि खोलीही सोडावी लागते. मी एकतीस वर्षांची झाले, काका. हे हुकलं तर पुन्हा पहिल्यापासून काही उभं करायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. तुम्हाला खोटं कशाला लिहू?

काकूला नमस्कार, सम्यकला एक टप्पल. तुमचा खोकला कसा आहे ते खरं कळवा आणि लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
मानसी


कॉटन ग्रीन,
२१ जानेवारी २०२५

चि. मानसीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सम्यक म्हणतो, बाबा, आता कोण पत्र लिहितं, व्हिडिओ कॉल लावतो. लावतो खरा, पण त्यात तुझे ओठ हलताना दिसतात आणि मला काही पोचत नाही. कान गिरणीच्या साचेखात्यात राहिले. कापड विणणारे दोनशे साचे एकदम धडधडायचे, तिथे दहा वर्षं उभं राहिल्यावर देवाने दिलेले कानही हात टेकतात, आणि आपण तर देव मानत नाही.

तुझ्या काकूने फ्लॉवर घेतला आणि मोडत बसली. तुऱ्यातून तुरा, त्यातून तुरा. चौथ्या तुऱ्यात अळी निघाली. विश्वातही असेल तर आधी सांग म्हणते, चिरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात घालायला. त्या दिवशी भाजी दोन वाजता मिळाली. माझ्या छातीच्या फोटोचं लिहिलंस ते मला डॉक्टरांनीही दाखवलं होतं. गिरणीचा कापूस म्हणे सगळ्यात बारीक फांद्यांत जाऊन बसतो. बसू दे, आता त्याला कुठे उठवायचं?

इथे तुझी हवा झाली आहे. मंडळाचे सेक्रेटरी जयवंतराव येऊन गेले. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठरलाय. सम्यकने आपल्या छपाईच्या दुकानात फ्लेक्सचं डिझाइनही करून टाकलं. तुझा फोटो दहावीचा आहे, पण तारे चांगले आलेत.

एक विचारतो, रागावू नकोस. तुला माझी ती गोष्ट पाठ आहे. आपल्या घरातून साचेखात्यात गेलेला पहिला माणूस मी, सन एकाहत्तर. त्याआधी आपल्या माणसांना तिथे मज्जाव होता, कारण आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली तार तोंडाने ओढून घ्यायची असे, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? तुझ्या आजोबांची उभी हयात सूतखात्यात गेली. मी गेलो, तर पहिल्याच ताग्यावर तपासनिसाने अगदी काठाला भिंग ठेवून तारा मोजल्या आणि वीण खराब म्हणून शिक्का मारला. काठाला तारा दाट असतात, ताण वेगळा असतो, तिथला आकडा कुणी धरत नाही. मग मी त्याला मधे मोजायला लावलं, वगैरे, पुढचं तुला ठाऊक आहे. तर विचारायचं एवढंच, तुझ्या आकाशाच्या नकाशाला काठ असेल ना? तिथे तर मोजलं नाहीस?

अडाण्याचा प्रश्न आहे, हसून सोडून दे. प्रकृतीला जप, वेळेवर जेव, आणि या म्हाताऱ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जगदीशकाका


बेंगळुरू,
३० जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम.

घाईत लिहिते आहे. काठाचं म्हणाल तर ते पहिल्या वर्षीच शिकवतात. नकाशाच्या कडेजवळच्या दीर्घिका आम्ही मोजणीत धरतच नाही. तेवढी निश्चिंती असू द्या.

सोबत नकाशाची मोठी प्रत पाठवते आहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका. मधे जे काळे गोल दिसतात तिथे आपल्या जवळचे तारे आहेत. ते इतके झगमगतात की त्यांच्या मागचं काही दिसत नाही, म्हणून तेवढा भाग कापून काढलाय. सम्यकला म्हणावं, फ्लेक्सवर लावायचं तर हे लाव, माझा दहावीचा फोटो नको.

सत्काराचं आत्ता नको होतं. पण तुमचा आनंद दिसला, म्हणून नाही म्हणवत नाही. पेपर जाईपर्यंत माझी पत्रं आखूड येतील, लोभ मात्र आखडता घेऊ नका.

तुमची,
मानसी


कॉटन ग्रीन,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. मानूस,
तुझ्या काकूचा जयभीम आणि खूप आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही ते तुला माहीत आहे. सातवीनंतर मी लिहिलं ते फक्त रेशनच्या फॉर्मवर. पण आता लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

तुझं ते चित्र आल्यापासून काकांचं काहीतरी बिनसलंय. सम्यकने ते दाराच्या मागे चिकटवलं. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं, ही बघा आमच्या पोरीने मोजलेली दुनिया. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून ते गिरणीचं घडीचं भिंग काढलं, आणि तेव्हापासून स्टूल घेऊन दाराशी बसलेले असतात. दार उघडायचं तर आधी त्यांना उठवायचं. दूधवाला पण कंटाळला. मी विचारलं काय झालं, तर म्हणतात काही नाही. काही नाही म्हणणारा माणूस जेवतो तरी नीट. हे अर्धी भाकरी टाकून उठतात.

परवा त्यांनी तुला पत्र लिहिलं, आणि पेटीत टाकायला म्हणून खाली गेले ते फाडून परत आले. जयवंतराव सत्काराच्या हाराचं विचारायला आले तर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की पोरीच्या ताटात माती कालवायला माझा हात धजत नाही. मला त्यातलं काही समजत नाही, आणि तुझ्या आकाशातलं तर त्याहून नाही. पण तूच विचार. तुला ते नाही म्हणणार नाहीत.

मी लिहिलं हे सांगू नकोस, नाहीतर खिटपिट होईल. तब्येत सांभाळ. केसांना तेल लाव. माया आहेच, ती काय कागदावर मावायची?

तुझी काकू,
बकुळा


बेंगळुरू,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम.

जे लिहून फाडलंत ते पुन्हा लिहा. कुणी सांगितलं ते विचारू नका. पेपर अठ्ठावीसला जाणार आहे. त्यात काही खोट असेल तर ती मला तुमच्याकडून कळलेली चालेल, दुसऱ्याकडून नाही. लोभ ठेवून लिहा, पण लिहा.

तुमची,
मानसी


कॉटन ग्रीन,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. मानसीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या काकूने चहाडी केली ते उघड आहे. मी तिला काही बोललो नाही, तरी तीच रुसून बसली आहे. हे पत्र सम्यक स्पीडपोस्टने टाकतो आहे, म्हणजे तुला वेळेत मिळेल.

चित्रातले काळे गोल मी मोजले. एकशे बारा भरले. बाहेरचा काठ तू सोडलास ते मला पटलं. पण कापडाला मधेच भोक पडलं तर तिथेही काठ तयार होतो. भोकाजवळच्या तारा सैल पडतात, आणि ताग्याच्या मध्यावर असूनही तिथली मोजणी खोटी येते. भिंगाखाली अर्धं भोक आलं तर तारा कमी भरणारच. त्यात विणकराचा दोष नसतो. तर या एकशे बारा ठिकाणी तू काय धरलंस? तिथे काही नाही असं धरलंस, की तिथे आपल्याला दिसत नाही असं? दोन्हींत फार फरक आहे, पोरी. आपली माणसं साचेखात्यात दिसायची नाहीत, तेव्हा त्यांना विणता येत नाही असं समजणारे पुष्कळ होते.

माझं चुकत असेल. चुकावं अशीच इच्छा आहे. पंधरा दिवस गप्प बसलो, कारण तू लिहिलं होतंस की पुन्हा उभं करायचं बळ नाही. मग वाटलं, मी गप्प बसण्यात तरबेज आहेच.

आता ती गोष्ट खरी सांगतो. मी तपासनिसाला मधे मोजायला लावलं नव्हतं. त्याने काठाला मोजलं, शिक्का मारला, कागद पुढे केला, आणि मी वीण खराब असल्याची सही केली. काठाला मोजतोय हे मला दिसत होतं. खात्याच्या मुकादमाला, जॉबरलाही दिसत होतं. घरात थकून बसलेले तुझे आजोबा, आजी, तुझा बाप, सगळे माझ्या कामावर, म्हणून मी तोंड उघडलं नाही. चार वर्षं मला परत सूतखात्यात धाडलं. नंतर बोलावलं तेव्हा त्यांना माणसं कमी पडत होती म्हणून बोलावलं. घरी आल्यावर मी दुसरी गोष्ट सांगितली, आणि पुढे तुला झोपवताना तीच सांगत राहिलो. तुझ्या काकूलाही हे आज कळतंय, कारण ती शेजारी बसून वाचते आहे.

माझं कापड चुकीच्या जागी मोजून नापास केलं. तुझं चुकीच्या जागी मोजून पास होऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं. लोभ कमी केलास तर तो मला लागेल, पण समजेल.

तुझा,
काका


बेंगळुरू,
२३ मार्च २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम.

महिनाभर पत्र नाही, याला कारण आहे. तुमचं पत्र वाचून मी ते दोन दिवस वहीखाली दाबून ठेवलं. म्हटलं, काकांना काय कळतंय. तिसऱ्या दिवशी मोजणीचा प्रोग्रॅम उघडला. तो माझ्याआधीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला, मी सात वर्षं डोळे मिटून वापरला. बाहेरची कड त्यात नीट सोडली आहे. मधले काळे गोल मात्र त्याने रिकामं आकाश म्हणून मोजलेत. दिसत नाही असं नव्हे, काही नाही असं. मी सरांना सांगून पेपर थांबवला.

आम्ही एकेका दीर्घिकेभोवती गोल आखतो आणि आत किती भरतात ते मोजतो. लहान गोलात काळं भोक येत नाही. मोठ्यात एखादं येतं, त्याहून मोठ्यात दहा येतात. म्हणून जितकं लांब जावं तितक्या दीर्घिका कमी भरत होत्या, आणि मी खुशीत होते की मोठमोठे खड्डे सापडताहेत. सगळं दुरुस्त करून पुन्हा मोजायला तीन आठवडे लागले. माझी रेघ जिथे सगळ्यांची वळते तिथेच वळली. तीस कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे सगळीकडे सारखंच, नवीन काही नाही.

सर म्हणाले की परीक्षकांच्याही हे लक्षात आलं नसतं, आणि लगेच म्हणाले की मी हे बोललो नाही असं समज. जागा गेली. प्रबंध देता येईल, पदवीही मिळेल, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकतीसला खोली सोडते आहे.

आणि काका, मी तुमच्यावर रागावले आहे. भोकाच्या काठावरून नाही, ते तुम्ही बरोबर सांगितलंत. शाळेत बाईंनी गणिताचे मार्क कापले तेव्हा पुन्हा तपासा म्हणून मी उभी राहिले, ती तुमच्या त्या गोष्टीच्या जोरावर. इथे मुलाखतीला आले तीही तिच्याच जोरावर. ती घडलीच नव्हती हे तुम्हाला नेमकं आत्ताच सांगावंसं वाटलं? मी फार दमले आहे. कुणाची समजूत काढायची नाही आणि कुणी माझी काढायला नको. सत्कार रद्द करा. लोभाचं काय लिहू, तो आपोआप राहतो असं दिसतंय.

तुमची,
मानसी


कॉटन ग्रीन,
२७ मार्च २०२५

चि. मानसीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. रास्त आहे, जपून ठेवतो. ती गोष्ट खोटी सांगितली त्याची तुझी माफी मागतो. मला वाटायचं, मी केलं नाही ते निदान सांगून ठेवावं, पोरगी कधीतरी करेल. तू केलंस, आणि त्यात तुझं एवढं नुकसान झालं. बरं वाटतं आणि छातीत दुखतंही. हे दुखणं कापसाचं नाही.

काल विहारात मंडळाची बैठक होती. मी उभा राहून सांगितलं की मानसीची मोजणी चुकली होती, तिने स्वतः ती दुरुस्त केली आणि म्हणून तिची नोकरी गेली. कान नसल्यामुळे माझा आवाज मोठा लागतो, तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. मग साचेखात्यातल्या सहीचंही सांगून टाकलं. चौपन्न वर्षांनी. जयवंतरावांनी मला पाणी आणून दिलं. नंतर त्यांनी विचारलं की मग तिला सापडलं तरी काय, आणि मी तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून दाखवलं, की तीस कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे सगळीकडे सारखंच, नवीन काही नाही.

ते वाक्य वाचताना मीच अडखळलो, म्हणून घरी येऊन पुन्हा चारदा वाचलं. तू त्याला काही नाही म्हणतेस. मला जे समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. जवळून बघितलं तर ढीग आणि खड्डे. कुठे सगळी दाटी, कुठे कुणीच नाही. पण पुरेसं लांब गेलं की कुठूनही मोजा, तेवढंच भरतं. कुठली जागा वरची नाही, कुठली खालची नाही. हे आधी इतरांनी मोजलं असेल. आपल्या घरात कुणी मोजलं नव्हतं. आपण ते फक्त म्हणत आलो, भाषणात ऐकत आलो.

जयवंतरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले की मग सत्कार होणारच. मी त्यांना थांबवलंय. तुला नको असेल तर नको. कारण माझं मन काही त्यांच्याएवढं हुरळत नाही. आपल्या खोलीपासून साचेखात्याचं दार मी पावलं टाकून मोजलं होतं, चारशे भरली होती, आणि तुझ्या आजोबांना ती जन्मभर पार करता आली नाहीत. सारखेपणा तर त्याच्या पलीकडे, तीस कोटी प्रकाशवर्षांवर सुरू होतो. फार लांब ठेवलाय गं.

तू तिथवर जाऊन, नीट मोजून आलीस. दमणारच. खोली सोड आणि घरी ये. इथे तुला कुणी काही विचारणार नाही, मी तर विचारलं तरी मला ऐकू येणार नाही. काकूने माळ्यावरची गादी उन्हात टाकली आहे. लोभ असो, राग असो, दोन्ही घेऊन ये.

तुझा,
जगदीशकाका